एरगुट्ट्याची पंतुलम्मा

शाळेच्या पहिल्याच दिवशी समीक्षा गजभारेनं मुलांना गप्प बसायला सांगितलं, आणि सगळी मुलं उठून तिच्याजवळ आली.

तिला काही सुचेना. वर्गात गलका चालला होता, म्हणून ती घरच्यासारखं बोलून गेली होती, "गप रा! गप रा रे!" गलका थांबला खरा. पण मुलं एकमेकांकडं बघत उठली, पावलांचा आवाज न करता पुढं आली आणि तिच्या टेबलाभोवती गोल करून उभी राहिली. एक चिमुरडी तर तिच्या ओढणीलाच चिकटली.

"अरे, गप रा म्हणते ना!" समीक्षा जरा जोरात म्हणाली.

तशी मुलं आणखी जवळ सरकली.

दाराशी मुख्याध्यापक व्यंकटराव उभे होते. बिलोलीचा माणूस, निवृत्तीला आलेला, मराठी आणि तेलुगू दोन्ही सारख्याच सफाईनं बोलणारा. त्यांनी तोंडावर रुमाल धरला होता.

"मॅडम, आता आणखी एकदा रा म्हणू नका. नाहीतर मांडीवर येऊन बसतील."

"सर, मी गप्प राहा म्हणून सांगतेय."

"तुम्ही सांगताय मराठीत, ती ऐकतात तेलुगूत. तेलुगूत रा म्हणजे ये. गप रा, म्हणजे चूपचाप ये. बघा की, किती चूपचाप आलीत. यापेक्षा शहाणी पोरं तुम्हाला कुठं मिळणार?"

समीक्षाला हसू आवरेना. ती हसली तशी मुलंही हसली, कशाला ते न कळता. त्या दिवसापासून तिनं 'रा' हा शब्द शाळेपुरता जिभेवरून काढून टाकला. 'थांब' म्हणायची, 'बस' म्हणायची, पण 'रा' नाही.

एरगुट्टा म्हणजे लाल टेकडी. टेकडी आहे लहानशीच, तिच्या पायथ्याला मेंढपाळ गोल्लांची वस्ती आणि पलीकडं मांजरा नदी. नदीच्या त्या काठाला तेलंगणा. वस्तीला रेशन महाराष्ट्राचं, पण सुना येतात पलीकडून आणि लेकी जातात पलीकडं. टीव्हीवर तेलुगू, देव्हाऱ्यात मल्लन्ना. मोबाईल घरात धरला तर एका राज्याचं नेटवर्क, अंगणात आणला तर दुसऱ्याचं. शाळा मात्र जिल्हा परिषदेची, मराठी. पहिलीत येणाऱ्या पोराला मराठीतलं 'आई'सुद्धा नवीन.

समीक्षा कंधारची. वडील साहेबराव एसटीच्या डेपोत मेकॅनिक, आई महामाया घरी ब्लाऊज शिवणारी. डीएड झालं, परीक्षा झाल्या, पोर्टलवर नाव यायची वाट बघण्यात काही वर्षं गेली. अखेर नेमणूक झाली ती बिलोली तालुक्याच्या या टोकाला. बिलोलीत दोन मैत्रिणींबरोबर खोली घेतली आणि जुनी स्कूटी. संध्याकाळी अभ्यासिकेत जाऊन ती राज्यसेवेची तयारी करी. शाळा हा आपला थांबा आहे, मुक्काम नाही, असं तिनं मनाशी पक्कं केलं होतं आणि ते कुणापासून लपवलंही नव्हतं.

पण काम हातात घेतलं की ते नीट करायचं, ही घरची सवय. साहेबराव बसच्या इंजिनाबद्दल जसं बोलत, तसं ती पोरांबद्दल बोलायला लागली. कुठं अडतंय ते आधी ऐकायचं, मग हात घालायचा. तिनं ऐकलं. पोरं मोजायला लागली, "ऐदु, आरु, एडु," तेव्हा पहिल्यांदा तिला वाटलं आपल्याला येडी म्हणतायत. मग कळलं, एडु म्हणजे सात. मग तिनं एक सौदा केला. रोज प्रत्येकानं घरून एक तेलुगू शब्द आणायचा, बाईंना शिकवायचा, आणि बदल्यात त्याचा मराठी शब्द घेऊन जायचा. पोरांना हे फार आवडलं, कारण बाईंचे उच्चार चुकत आणि चुकले की पुन्हा म्हणायला लावायचा हक्क पोरांना होता. आठवड्याभरात लाजरी पोरंसुद्धा तिला रागवायला शिकली. पावसाळ्यात काळ्या मातीत स्कूटी रुते, तेव्हा ती डांबरी रस्त्याला गाडी लावून चपला हातात घेऊन चालत यायची. पोरं वेशीवर वाट बघत आणि चिखलातल्या तिच्या प्रत्येक घसरणीला एक नवा तेलुगू शब्द देत. त्यातले काही शब्द व्यंकटरावांनी तिला परत म्हणू नका म्हणून सांगितले.

वस्तीनं तिला नाव दिलं पंतुलम्मा. तेलुगूत बाई मास्तरला तसंच म्हणतात. दिवाळीच्या आधी कंधारला गेली तेव्हा तिनं हे घरी सांगितलं. तिची आजी चांगुणा आधी नीट ऐकत होती, मग पोट धरून हसायला लागली.

"अगं माय! आपल्या घरात पंतीण निपजली! कुठल्या पंतानं ऐकलं तर झीट येऊन पडंल त्यो."

"महामाया," साहेबराव गंभीर चेहरा करून म्हणाले, "आजपासून हिला आधी वाढ. पंत मंडळी शिल्लक भाजी खात न्हाईत."

"भाकरी थापायला उठ म्हणावं तुमच्या पंताला," महामाया म्हणाली. पण तिच्याही चेहऱ्यावरून दिवसभर हसू गेलं नाही.

पंतुलम्माच्या शाळेत चौथीला एकच मुलगी होती. गंगामणी. मेंढपाळ पोशट्टीची थोरली. वाचण्याचा तिला नाद लागला होता. खताच्या पोत्यावरचं वाच, बिस्किटाच्या पुड्यावरचं वाच, एसटीवरची पाटी वाच. जनावरांच्या दवाखान्यातून मेंढ्यांच्या लसीची मराठी चिठ्ठी आली, ती तिनं बापाला तेलुगूत करून सांगितली, तेव्हा पोशट्टी चिठ्ठीकडं न बघता पोरीकडंच बघत राहिला होता.

अडचण अशी की, दिवाळी झाली की गोल्लांचे कळप नदी ओलांडून तेलंगणात जातात. तिकडं धान कापून झालेलं असतं. शेतकरी आपल्या रानात मेंढ्या बसवून घेतात, रानाला खत होतं, मेंढ्यांना चारा होतो. कळप परततो तो उगादीच्या, म्हणजे पाडव्याच्या सुमाराला. घरात म्हातारी माणसं राहतात, बाकी सगळे कळपाबरोबर. गंगामणी दर वर्षी जायची आणि दर वर्षी अर्धं विसरून यायची. मागल्या खेपेला जोडाक्षरं पार पुसली गेली होती. आता चौथी. पाचवीला मोठ्या गावच्या शाळेत जायचं, तिथं कुणी सांभाळून घेणार नाही.

"यंदा गेली की गेलीच," व्यंकटराव म्हणाले होते. "पुढच्या वर्षी ती अंगानं मोठी दिसायला लागेल. मग शाळा कोण म्हणतो? सोयरीक म्हणतील."

म्हणून समीक्षा पोशट्टीच्या मागं लागली. बाजारहाटामुळं त्याला मराठी येत होतं. ती त्याच्या मेंढवाड्याच्या कुंपणाशी उभी राहून बोले, तो लोकर कातरत ऐके. बरेच दिवस त्यानं नुसती मान हलवली. मग एकदा म्हणाला, "हाव. ऱ्हाऊ द्या. माझी माय सायव्वा हाय घरी. तिच्यापाशी ऱ्हाईल पोर. तुम्ही एवढं म्हणून राहिल्या तर."

समीक्षाला आभाळ ठेंगणं झालं. दिवाळीची सुटी लागली त्या दिवशी निघताना ती मुद्दाम पोशट्टीच्या घरावरून गेली. गंगामणी धावत आली. कळप जाणार, आई जाणार, धाकटी भावंडं जाणार, या विचारानं पोरीचे ओठ थरथरत होते. समीक्षाला एकदम भरून आलं. तिनं तिचा हात हातात घेतला आणि कंधारच्या आपल्या घरातली भाषा तिच्या तोंडात आपोआप आली.

"नीट रा गं बाई. मी येईपस्तोर रा. रा हं?"

गंगामणीची आई लसमव्वा हंडा कडेवर घेऊन हापशापाशी उभी होती. समीक्षानं तिच्याकडं बघून मान लववली. लसमव्वानं लववली नाही. पाण्याच्या ओझ्यानं असेल, असं समजून समीक्षानं स्कूटीला किक मारली.

सुटी संपवून ती परत आली तेव्हा चौथीची जागा रिकामी होती.

"गंगामणी?"

पोरं खाली बघू लागली. मधल्या सुटीत ती सरळ सायव्वाकडं गेली. म्हातारी ओट्यावर बसून सूत कातत होती. तिला मोडकंतोडकं मराठी येत होतं, डोळ्यांनी अंधुक दिसत होतं, पण माणूस पावलावरून ओळखायची.

"ये, पंतुलम्मा. पोर न्हाई. गेली आईसंगं."

"पण पोशट्टी तर हो म्हणाला होता, अव्वा!"

"पोशट्टी हो म्हन्ला. लसमव्वा न्हाई म्हन्ली. तू पोरीला घेऊन जाणार म्हन्ली. कंधारला."

"मी? कुणी सांगितलं?"

"तूच की. हात धरलीस अन् म्हन्लीस, रा, रा. लसमव्वानं सोताच्या कानानं ऐकलं. एकडाव न्हाई, तीनडाव."

समीक्षा ओट्यावर बसूनच राहिली. पोरीला थांब म्हणताना आपण तिच्या आईसमोर तिला ये म्हणालो होतो, हात धरून.

"पण गंगामणीला मराठी कळतं, अव्वा. तिनं सांगितलं नाही?"

"सांगितलं की. पंतुलम्मा ऱ्हा म्हन्ली, ये न्हाई म्हन्ली. आईला वाटलं, पोरच फितूर. जायचंय म्हणून खोटं बोलती. दोन थोबाडीत खाल्ल्या पोरीनं."

म्हातारीनं सुताची चाती खाली ठेवली आणि मग बाकीचं सांगितलं. लसमव्वाची धाकटी बहीण होती. शिकवते म्हणून एक शहरातली बाई तिला लहानपणी घेऊन गेली. मोठी गोड बोलायची. घरची माणसं भेटायला गेली तेव्हा पोर मोरीत भांडी घासत होती आणि आपलं तेलुगू विसरली होती. आईनं हाक मारली तर तिनं ओळखलं, पण बोलायला शब्दच नव्हते. घरी आणली, तरी पुढं ती कधी मोकळी बोलली नाही.

शाळेत परतल्यावर समीक्षानं व्यंकटरावांना सांगितलं, मी उद्या सुटी टाकून जाते. व्यंकटरावांनी चष्मा काढला. "स्थलांतर करणाऱ्या मुलांसाठी हमी कार्ड असतं, मॅडम. ते भरून देऊ. तिकडं ज्या गावात असेल तिथल्या शाळेत बसवतात."

"सर, मेंढ्या एका गावात बसतात का? आणि ती शाळा तेलुगू."

"ते मलाही ठाऊक आहे," ते म्हणाले. "तुम्हाला ठाऊक आहे का ते बघत होतो. जा. मी आलो असतो, पण मी आलो की ती पंचायत होईल. पोशट्टी माझ्याशी बोलेल आणि लसमव्वा पुन्हा मागं उभी राहील. तुम्ही एकट्याच जा."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती स्कूटीनं येसगीच्या पुलावरून पलीकडं गेली. पाटावर कपडे धुणाऱ्या बायकांना, सोडावॉटरवाल्याला, ट्रॅक्टरवर बसलेल्या पोरांना विचारत. "गोर्रेलु? एरगुट्टा गोर्रेलु?" गोर्रेलु म्हणजे मेंढ्या. एवढंच तिला नीट म्हणता येई, आणि तेवढं पुरलं. बोटं पुढं पुढं दाखवत गेली. साळूर मागं टाकून बरंच आत गेल्यावर धानाच्या कापलेल्या खुंटांत तिला कळप दिसला. कडेला बाभळीखाली तीन दगडांची चूल, घोंगड्या, पत्र्याची पेटी.

गंगामणीनं तिला आधी पाहिलं. पोर उभी राहिली, चार ढांगा धावली आणि आईच्या हाकेसरशी जागच्या जागी थिजली.

लसमव्वा चुलीपासून उठली. हातातली काटकी तिनं टाकली नाही.

समीक्षा वाटेत एक वाक्य जुळवत आली होती. मी पोरीला नेणार नाही. तिला ठाऊक होतं की माणसाला सोबत घेऊन जायचं ते 'तोल्कपोता'. नाही म्हणजे 'लेदु'. मराठीच्या सवयीनं तिनं दोन्ही एकापुढं एक ठेवलं.

"नेनु गंगामणी तोल्कपोता," ती ठासून म्हणाली, आणि श्वास घेऊन पुढं, "...लेदु."

पण तेलुगूत नकार शेवटी वेगळा उभा राहत नाही, तो क्रियापदाच्या आतच असतो. लसमव्वानं ऐकलं ते एवढंच, की मी गंगामणीला घेऊन जाते. तिनं पोरीला पाठीमागं ओढलं आणि तिच्या तोंडून शब्दांचा असा लोंढा सुटला की मेंढ्यांनी माना वर केल्या. पोशट्टी कळपाच्या पलीकडून पळत आला. आल्या आल्या त्यानं दोघींकडं बघितलं, काय झालं ते पोरीला विचारलं आणि ऐकून कपाळावर हात मारला.

"पंतुलम्मा, तुम्ही आमच्या घरात आग लावायला आलात का इझवायला?"

"मी नेणार नाही म्हणाले!"

"तुम्ही नेते म्हणालात. मग न्हाई म्हणालात. नेते, न्हाई. येड्यावानी."

मग त्यानं बायकोला समजावायला सुरुवात केली. लसमव्वा ऐकेना. 'रा'चं काय, असं तिनं विचारलं. 'रा' म्हणजे त्यांच्यात थांब, असं तो म्हणाला. कुठल्या गावात रा म्हणजे थांब असतं, असं ती म्हणाली. तेव्हा पोशट्टी बाभळीला टेकून बसला आणि एक गोष्ट सांगू लागला. बायकोसाठी तेलुगूत, समीक्षासाठी मधेमधे मराठीत.

लग्नाच्या आधी तो पहिल्यांदा नरसीच्या बाजारात बकरं विकायला गेला होता. गिऱ्हाईक म्हणालं, "इथंच रा, मी आलो." पोशट्टीनं ऐकलं 'रा', आणि निघाला त्याच्या मागं. गिऱ्हाईक पानाच्या टपरीवर गेलं, हा मागं. सोसायटीत गेलं, हा मागं. गिऱ्हाईक मागं वळून ओरडे, "अरे तिथं रा!" हा म्हणे, येतोच की. शेवटी तो माणूस भिंतीच्या आडोशाला परसाकडं बसला, तरी हा बकरं धरून समोर उभा.

"त्यो म्हणाला, बाबा, तुझं बकरं घेतो, पण आता तरी जा!"

गंगामणी खुदकन हसली. लसमव्वानं तोंड पदरानं झाकलं, पण खांदे हलत होते. समीक्षा तर धानाच्या खुंटांत बसूनच हसली. एक कोकरू तिच्या ओढणीचं टोक चघळू लागलं, ते कुणी हाकललं नाही.

हसणं थांबल्यावर मात्र लसमव्वा समोर येऊन बसली. आता ती शांतपणे बोलत होती आणि पोशट्टी तिचं मराठी करत होता.

"ती म्हणती, शबूद चुकला, मान्य. पण शबूद चुकला नसता तरी मी पोर ठेवली नसती."

"का?"

"ती म्हणती, तू माझ्याशी बोललीच न्हाईस. पावसाळाभर येत होतीस. ह्याच्याशी बोलायचीस. मी तिथंच शेण काढून राहिले होते. पोर माझ्या पोटातून आली. ह्याच्या नव्हं."

 पोशट्टीला मराठी येत होतं म्हणून समीक्षा पोशट्टीशी बोलली होती. सोपं होतं. आई कुंपणाच्या आत होती, तिला नमस्कार करून झालं की झालं, असं वाटलं होतं. ज्या घरात ती स्वतः वाढली तिथं महामायेला न विचारता काडी हलत नसे, आणि इथं तिला ते आठवलंही नव्हतं.

तिनं मोडक्या तेलुगूत विचारलं, तुला काय वाटतं? नुव्वु चेप्पु. तू सांग.

लसमव्वानं तिच्याकडं नीट बघितलं. मग बोलू लागली. पोर शिकावी असं तिलाही वाटत होतं. तीही चिठ्ठी ऐकत होती त्या दिवशी. पण सायव्वाला दिसत नाही. संध्याकाळ झाली की वस्तीत म्हातारी माणसं तेवढी उरतात. पंतुलम्मा शाळा सुटली की स्कूटीवर बसून बिलोलीला जाते. पोरीला ताप आला, साप निघाला, नुसतं वाईट स्वप्न पडलं, तर कोण?

"ती म्हणती," पोशट्टी अडखळला, बायकोनं त्याला कोपर मारलं तेव्हा पुढं म्हणाला, "ती म्हणती, तू सायव्वाकडं ऱ्हाशील का? उगादीपर्यंत. ऱ्हाशील तर आत्ता घेऊन जा. न्हाई तर च्या पी अन् जा. राग न्हाई."

समीक्षानं मनात हिशोब मांडला. बिलोलीची खोली, मैत्रिणी, अभ्यासिका, आणि पुढच्या परीक्षेची जवळ आलेली तारीख. एरगुट्ट्यात मोबाईल अंगणात नाचवला तर एखादा व्हिडिओ उघडतो. यंदाची परीक्षा गेली, हे तिला तिथंच कळलं. पोरगी आईच्या पाठीमागून बघत होती आणि डोळ्यांनीसुद्धा काही मागत नव्हती, याचाच जास्त त्रास झाला.

"गंगामणी," ती म्हणाली, "तुला काय वाटतं ते कुणी विचारलंच नाही. राहायचंय का तुला?"

 गंगामणीनं कळपाकडं बघितलं, धाकट्या भावाकडं बघितलं. मग म्हणाली, "ऱ्हायचंय. पण मला लई रडू येईल. तुम्ही गप बस म्हणायचं न्हाई."

"नाही म्हणणार," समीक्षा म्हणाली. आणि लसमव्वाकडं वळून, "राहते मी."

हे पोशट्टीला तेलुगूत करून सांगावं लागलं नाही.

निघताना लसमव्वा शेताच्या बांधापर्यंत आली. तिनं पोरीची वेणी पुन्हा घातली. ज्वारीची भाकरी आवडत नाही, तांदूळ खाते. झोपेत लाथा मारते. डोक्यात उवा झाल्या तर रॉकेल लावू नकोस. पोशट्टी सगळं सांगत गेला, समीक्षा मान हलवत गेली. शेवटी पोर स्कूटीवर बसली, पण लसमव्वानं तिचं मनगट सोडलं नाही. ती समीक्षाला म्हणाली, "चेप्पु." बोल.

"काय बोलू?"

"मगाशी जे चुकलीस ते नीट बोल म्हणती," पोशट्टी म्हणाला.

"नेनु गंगामणी तोल्कपोता..."

"पोनू," लसमव्वा म्हणाली. "पोता काद. पोनू."

"तोल्कपोता... नू."

लसमव्वानं मान हलवली. नाही. पोरगी मागून कुजबुजली, आईनं तिला डोळे वटारले. समीक्षानं ओठ मिटले, मनात एकदा म्हणून बघितलं, आणि मग सावकाश, शाळेत पोरं म्हणतात तसं, सुटं सुटं म्हणाली, "नेनु गंगामणिनि तोल्कपोनू."

मी गंगामणीला घेऊन जाणार नाही. लसमव्वानं ते आणखी एकदा म्हणवून घेतलं आणि मनगट सोडलं.

महामायेनं फोनवर हे ऐकलं तेव्हा आधी शिव्या दिल्या. मग विचारलं, "आपलं आडनाव ठाऊक हाय का त्या लोकांला? घरात ठेवून घ्यायचं म्हणजे..." समीक्षालाही तो विचार आलाच होता. बिलोलीची खोली सोडून ती सायव्वाच्या दारात पिशवी घेऊन उभी राहिली तेव्हा आत पाऊल टाकण्याआधी तिनं सांगितलं, "अव्वा, आम्ही बौद्ध आहोत. नंतर कुणी सांगण्यापेक्षा मीच सांगते."

"ठाऊक हाय," सायव्वा म्हणाली. "पहिल्या हप्त्यातच आलतं कानावर. लसमव्वालाबी ठाऊक. तिनं तुला जात इचारली का? ऱ्हाशील का म्हणून इचारलं. दार लाव, कुत्रं येतंय."

शेजारच्या दोन घरांनी काही दिवस तिच्या हंड्याला जरा लांबून वाट दिली. सायव्वानं त्यांना हापशावर उभं करून असं काही तेलुगू ऐकवलं, की व्यंकटरावांनी त्याचा अर्थ सांगायलाच नकार दिला. समीक्षानं कोनाड्यात आपली लहानशी बुद्धमूर्ती ठेवली होती. एका सकाळी तिच्या कपाळाला हळद लागलेली दिसली. मल्लन्नाचा भंडारा. "माझ्या देवाला लावला, तुझ्याला कसा सोडू?" म्हातारीनं विचारलं. समीक्षानं तो तसाच राहू दिला.

गंगामणी कबूल केल्याप्रमाणे रडली. पहिले काही दिवस संध्याकाळी मेंढ्या परतायच्या वेळेला ती रिकाम्या मेंढवाड्याच्या कुंपणाशी जाऊन उभी राहायची. समीक्षा तिच्या शेजारी उभी राही, गप बस म्हणत नसे. लसमव्वाचा फोन आला तर तो अभ्यासाचा कधीच नसे. खाल्लं का, झोपली का, वेणी कुणी घातली. समीक्षा तेलुगूत उत्तर देई, चुके, आणि पलीकडून लगेच दुरुस्ती येई. त्या चुकांवर लसमव्वा तिकडं रानात खो खो हसते, असं गंगामणी सांगायची. लसमव्वा पूर्वी फार हसत नसे, असंही तिनं सांगितलं.

परीक्षा हुकली ती हुकली. समीक्षानं पुढच्या वेळचा फॉर्म भरायचं ठरवलं आहे. त्याबद्दल तिला वाईट वाटतं का, असं व्यंकटरावांनी विचारलं तेव्हा ती म्हणाली, "वाटतं की, सर." आणि दुसरीच्या पोरांना बेरीज घालायला गेली.

उगादीच्या सुमाराला कळप परतला. लसमव्वानं पोरीला उन्हात उभं केलं, केसांत उवा बघितल्या, टाचा बघितल्या, हात फिरवून बरगड्या चाचपल्या. गंगामणी पुस्तक घेऊन आली होती, ते ती वाचत राहिली, एकाही जोडाक्षराला न अडखळता. आई ते अर्धवटच ऐकत होती. पोरीचं अंग भरलेलं आहे, याची खात्री झाल्यावर तिनं पदरानं घाम पुसला आणि समीक्षाला बोलावून ओट्यावर बसवलं.

"माझ्या भावाच्या दोन पोरी हायेत," ती म्हणाली. हे तिनं मराठीत म्हटलं, बहुतेक वाटेत जुळवून आणलं होतं. "मोठ्या. त्याबी ऱ्हाऊ द्या पुढल्या वर्षी. पण वैनीशी बोल. भावाशी नको."